कवी कलशाचा निसटलेला ‘स’

हे प्रकरण लिहायला पेशंटने हसत परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. गावाचं नाव घालायचं नाही आणि नाटकाचं तर मुळीच नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली जाणती माणसं तरीही ओळखतील, पण अट ती अट. मी त्यांना इथे शेट म्हणते, कारण दवाखान्यातही तेच म्हणते. वय 47, कापडाचं दुकान, आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात बावीस वर्षं काम. तरुणपणी संभाजीराजे करायचे, आता कवी कलश करतात. “पोट सुटलं की राजाचा कवी होतो, डॉक्टरबाई,” हे त्यांचं स्पष्टीकरण.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते आले तेव्हा जत्रेला 19 दिवस उरले होते. तक्रारी दोन. सकाळी ब्रश केला की बेसिन लाल होतं, ही पहिली, दोन वर्षं जुनी. दुसरी तीन दिवसांपूर्वीची: तालमीत समोर उभा राहणारा नट संवाद म्हणताना मान एका बाजूला फिरवतो. दवाखान्यात त्यांना आणलं ते या दुसरीने. पहिलीसाठी ते आणखी दोन वर्षं आले नसते.

रक्त येतं म्हणून सोडलेला ब्रश

रक्त येऊ लागल्यावर काय केलं, हे मी प्रत्येकाला विचारते. शेटनी आधी नरम ब्रश घेतला. मग जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावायचा सोडला. मग तिथे बोटाने दंतमंजन. शेवटी त्यावर उपाय म्हणून निळं माउथवॉश, सकाळी एकदा आणि तालमीला निघताना एकदा.

यात मूर्खपणा काही नाही. हाताला कापलं तर आपण त्यावर घासणी फिरवत नाही. पण हिरडीतून येणारं रक्त बहुतेक वेळा ब्रशने केलेल्या जखमेचं नसतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा थर साचून राहिला की शरीर तिकडे रक्तपुरवठा वाढवतं, आतलं अस्तर पातळ होतं, आणि मग ब्रशचा साधा स्पर्शही पुरतो. ब्रश थांबवला की थर वाढतो, थर वाढला की रक्त वाढतं, आणि माणसाला वाटतं, बरं झालं ब्रश थांबवला, नाहीतर किती रक्त गेलं असतं. शेट दोन वर्षं या घाण्याला जुंपलेले होते.

दात साफ करून घ्यायला मात्र त्यांचा ठाम नकार होता. थोरल्या काकांचे दात कुठल्याशा शिबिरात साफ केले आणि वर्षभरात खालचे चार हलून पडले, ही घरातली कथा. गोव्यात अशी कथा नसलेलं घर मला अजून भेटायचंय. तिच्यात तथ्य किती, ते पुढे येईल.

लाल रंगाची गोळी

पहिल्याच भेटीत मी त्यांना रंगाची गोळी चघळायला दिली. एरिथ्रोसिन नावाचा खाण्याचा लाल रंग असतो, तो स्वच्छ दातावर टिकत नाही, प्लाकवर, म्हणजे जंतूंच्या त्या थरावर, टिकतो. चूळ भरल्यावर हातात आरसा दिला. रंगपटात बसायची सवय असलेला माणूस, आरशाला घाबरला नाही. दातांचे पुढचे पृष्ठभाग जवळजवळ पांढरे होते. हिरडीलगत मात्र लाल काठ, दोन दातांमधल्या फटी लाल, आणि खालच्या दातांची जिभेकडची बाजू सलग लाल. तोंडात 26 दात होते. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरल्या तर 104 पृष्ठभाग, त्यांतले 83 रंगलेले. म्हणजे 80 टक्के.

“पण मी ब्रश केलाय आज!” ते म्हणाले. केलाच होता. लोकांना दिसते तेवढी बाजू घासली होती.

प्लाक म्हणजे अन्नाचे अडकलेले कण, असा सार्वत्रिक समज आहे. अन्नाचा कण चूळ भरून जातो, प्लाक जात नाही. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा त्यावर बसतो. हा पापुद्रा वाईट नाही, तो दाताचं रक्षणही करतो. पण पुढच्या काही तासांत त्यावर गोल आकाराचे जंतू येऊन चिकटतात, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस जातीचे. ते वाढतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करतात. साखर मिळाली की ही खळ जास्तच बनते. एक-दोन दिवसांत थर जाड होतो, आत प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायूविना जगणारे लांबट, धाग्यासारखे जंतू वस्तीला येतात. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू आधी आलेल्यांनाही चिकटतो आणि मागून येणाऱ्यांनाही. हिरड्यांचा खरा घात करणारे, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, सगळ्यांत शेवटी येतात. त्यांना तयार घर लागतं. ते घर रोज मोडलं तर त्यांची पाळीच येत नाही.

याला किती दिवस लागतात, हे माणसांवरच तपासलं गेलंय. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या दंतमहाविद्यालयात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. शेटना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच हिशोब केला, जत्रेला 19 दिवस, म्हणजे वेळ आहे! व्यापारी माणूस. पण त्या 12 जणांची फक्त हिरडी सुजली होती. शेटचं प्रकरण त्याच्या पुढे गेलं होतं.

कापडवाल्याला कापडवाल्याची गोष्ट

माउथवॉशवरचा त्यांचा विश्वास काही केल्या हलेना. तेव्हा मी त्यांना हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लीवेनहूकची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ कापडाचाच व्यापारी. भिंगं घासायचा नाद. सप्टेंबर 1683 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, की मी रोज मिठाने दात घासतो, तरी दाढांच्या मध्ये पांढरं काहीतरी साचतं, ते भिंगाखाली पाहिलं तर आत जिवंत प्राणी सुळसुळत होते. माणसाच्या दातावरचे जंतू पाहिल्याची ही पहिली नोंद. 1683 म्हटल्यावर शेट खुर्चीत सरळ बसले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संभाजीराजे गोव्यातल्या जुवे बेटावर चालून आले होते. तो प्रसंग त्यांनी रंगमंचावर किती वेळा केला असेल कोण जाणे.

मला मात्र त्या कापडवाल्याचं पुढचं निरीक्षण हवं होतं. त्याने व्हिनेगर वापरून पाहिलं. काचेवर मिसळलं तर जंतू मरायचे. दात व्हिनेगरने धुतले तर थराच्या बाहेरच्या अंगाचे तेवढे मरायचे, आतले जिवंत. सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाली, बाटलीतलं द्रव निळं झालं, पण अडचण तीच आहे. थर आधी ब्रशने फोडायचा, मग वाटलं तर द्रव. माउथवॉशांत क्लोरहेक्सिडिन हे सगळ्यांत परिणामकारक, तेही मी ठरावीक दिवसांपुरतंच देते, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते. शिवाय पेस्टमधल्या फेसाळ घटकाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास सोडून घ्यायचं.

तालमीच्या रात्री

शेटची दिनचर्या लिहून घेतली. सकाळी सातला ब्रश. रात्री जेवण साडेआठला. दहाला देवळाच्या मंडपात तालीम, दीड-दोनपर्यंत. मध्ये तीन-चार वेळा गोड चहा, कुणाच्या घरची शंकरपाळी, कुणी कुठल्या जत्रेतून आणलेलं खाजं. गुळाच्या पाकातलं खाजं दाढेत बसलं की बसलं. घरी येऊन सरळ झोप.

साखर पोटात जायच्या आधी प्लाकमधल्या जंतूंना मिळते आणि ते काही मिनिटांत आम्ल सोडतात. अमेरिकेतल्या स्टीफनने 1940च्या दशकात हे मोजून दाखवलं: दाताच्या पृष्ठभागावरचा सामू (पीएच) साडेपाचच्या खाली उतरतो आणि लाळेला तो वर आणायला अर्धा-एक तास लागतो. दर तासाला चहा म्हणजे सावरायला उसंतच नाही. त्यावर झोप, आणि झोपेत लाळ अगदी कमी होते. एवढं असून शेटच्या 26 दातांत कीड एकच होती. म्हणूनच ते निश्चिंत होते. कीड नाही म्हणजे दात चांगले, हा हिशोब आपल्याकडे पक्का बसलाय. पण किडीचे जंतू वेगळे, हिरडीखालचे वेगळे. हिरडीखालच्यांना साखरेपेक्षा सुजलेल्या हिरडीतून पाझरणारा प्रथिनांचा द्राव आवडतो. दुखत नाही, खड्डा दिसत नाही, आणि हाड खाली जात राहतं.

मोजमाप

दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत मी बारीक खुणांची सळई घालून खोली मोजते. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. शेटच्या खालच्या पुढच्या दातांमागे 5, वरच्या उजव्या पहिल्या दाढेमागे 7. प्रत्येक दाताच्या सहा जागा तपासल्या, 156 पैकी 92 जागांतून रक्त आलं, म्हणजे 59 टक्के. एक्स-रेमध्ये खालच्या चार दातांचं हाड मुळाच्या जवळजवळ अर्ध्यापर्यंत उतरलेलं. मधल्या दोन दातांतला डावा बोटाने हलत होता.

आणि त्या चार दातांमागे कीटणाची भिंत. प्लाक जागेवर राहिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांत तो दगड होऊ लागतो. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून खालच्या दातांच्या मागे तो सगळ्यांत आधी दिसतो. गालाकडच्या नळीसमोर वरच्या दाढांवरही. कीटण स्वतः फारसं काही करत नाही. त्याच्या खडबडीत अंगावर ताजा प्लाक आरामात बसतो आणि ब्रश पोचत नाही, हा त्याचा गुन्हा.

प्लाक आणि चहाच्या मानाने हाड जरा जास्तच गेलं होतं. शेट तंबाखू खात नाहीत, विडी नाही. म्हणून रक्त तपासायला सांगितलं. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, आला 8.6 टक्के. मधुमेह होता आणि त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनींना मात्र शंका होती, रात्री तीनदा उठतात म्हणून. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरतो असं अभ्यासांतून दिसलंय. औषधाची जागा तो घेत नाही, पण फुकटचा फायदा कोण सोडेल? त्यांना मी गावच्या फिजिशियनकडे पाठवलं.

माझी चूक

खोल सफाई जत्रेनंतर करायची आणि सध्या वरवरचं कीटण काढायचं, असं ठरलं. शेट तयार झाले ते समोरच्या नटाच्या फिरणाऱ्या मानेमुळे. मी अल्ट्रासॉनिक यंत्राने अर्ध्या तासात सगळं काढलं, खालची भिंतसुद्धा. “थोडे दिवस फटी वाटतील,” एवढं एकच वाक्य म्हटलं. त्यांनी मान डोलावली. यंत्राचा आवाज चालू होता.

पाचव्या दिवशी सकाळी दुकान न उघडता ते दारात. रागावला की आमच्याकडे माणूस कोकणीवर येतो. “दोतोर, हें कितें केलें तुमी?” खालचा दात जास्त हलतोय, गार पाण्याने शिणका येतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. कवी कलशाच्या तोंडी एक लांबलचक छंदबद्ध भाषण होतं आणि त्यात ‘स’ आणि ‘श’ यांची नुसती पेरणी.

काकांच्या कथेचं मूळ इथे आहे. ज्या दाताचं अर्धं हाड गेलंय तो कीटणाच्या भिंतीला टेकून उभा असतो, शेजाऱ्यांशी दगडाने जोडलेला. भिंत काढली की त्याची खरी अवस्था कळते. सुजलेली हिरडी उतरून आक्रसते, दातांमधले त्रिकोण उघडे पडतात आणि तिथून हवा निसटते. उघडं पडलेलं मूळ गार लागतं. दात यंत्राने हलत नाही, आधीच हललेला असतो. हे सगळं बरोबर आहे, पण ते मी यंत्र सुरू करण्याआधी, एक्स-रे उजेडाला धरून, आरशात दाखवून सांगायला हवं होतं. मागाहून सांगितलेलं खरं कारण पेशंटला सबबच वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय ज्याचं बोलणं चौदा दिवसांनी हजारभर लोकांसमोर पणाला लागणार, त्याचे खालचे दात त्या आधी उघडे करण्याची घाई कसली होती? ती भिंत तीन आठवडे थांबली असती.

त्याच दिवशी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दातांच्या मागून बारीक पिळाची तार कंपोझिटने चिकटवली. दात स्थिर झाला. कंपोझिटमुळे फटींची मागची बाजू थोडी झाकली गेली, शिट्टी निम्म्याहून कमी झाली. शिणक्यासाठी पेस्ट दिली. उरलेलं काम जिभेने करायचं होतं. नव्या फटींची जिभेला सवय व्हायला काही दिवस लागतात आणि मोठ्याने वाचल्याने ती लवकर होते. शेट दुकानात गिऱ्हाईक नसताना भाषण म्हणू लागले. वहिनी म्हणाल्या, गिऱ्हाईक असतानाही.

मी नाटकाला गेले. पालखी, मग काला, मग भाषणं, पडदा उघडला तेव्हा दोन वाजून गेले होते. थंडी चांगलीच होती. कवी कलशाचं छंदबद्ध भाषण स्वच्छ गेलं. शेवटच्या अंकात ‘संगमेश्वर’ या शब्दावर एक बारीक शिट्टी निसटली. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत होती, तिला ऐकू आली नसावी. समोरचा नट तोंड न फिरवता संवाद म्हणत होता, ते मी मुद्दाम पाहिलं.

जत्रेनंतर

जानेवारीत दोन बैठकांत, एकदा उजवी आणि एकदा डावी बाजू बधिर करून हिरडीखालची सफाई केली. हिरडीखालचं कीटण गडद असतं, जवळजवळ काळं, आणि चिवट.

पण जास्त वेळ मी दिला तो दोन दातांमधल्या ब्रशला. तारेखाली दोरा ओवणं शेटच्या जाड बोटांना जमेना, म्हणून छोटा गोल ब्रश. “बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू,” असं त्यांनी त्याचं नाव ठेवलं. रात्री झोपण्याआधी, तालीम असली तर तालमीनंतर, आधी पिल्लू मग ब्रश. पहिले पाच-सहा दिवस रक्त येईल आणि त्या दिवसांत थांबायचं नाही, हे लिहून दिलं. या वेळी लिहून दिलं. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, बेसिन पांढरं आहे म्हणून.

मार्चमध्ये पुन्हा मोजलं. रंगलेले पृष्ठभाग 104 पैकी 24. रक्त 156 पैकी 25 जागांतून. खालच्या दातांमागची 5 ची खोली 3 वर आलेली. गेलेलं हाड परत आलं नाही, तसं ते येतही नाही. हिरडी घट्ट बसली, एवढंच. एचबीए1सी 7.1, त्याचं मुख्य श्रेय गोळ्यांना आणि सोडलेल्या साखरेच्या चहाला. वरच्या दाढेमागे मात्र अजून 6 आणि रक्त. तिथे मुळं फुटतात त्या बेचक्यापर्यंत आजार पोचला होता, माझी हत्यारं आंधळेपणाने तिथे जात नाहीत. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात चिठ्ठी देऊन पाठवलं. मे महिन्यात तिथे हिरडी उघडून दाढ साफ केली. ती दाढ किती वर्षं राहील, यावर मी त्यांना आकडा दिलेला नाही.

दर तीन महिन्यांनी यायचं ठरलंय. जूनमध्ये सगळं ठीक होतं. सप्टेंबरमध्ये चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपून आले तेव्हा रंगाची गोळी दिली आणि आरसा त्यांनी स्वतःच मागून घेतला. 104 पैकी 43. गणपतीवरची फळांची माटोळी, पाहुणे, नेवऱ्या म्हणजे करंज्या, रात्रीची भजनं. पिल्लू पंधरा दिवस डब्यातच राहिलं होतं. खालच्या दातांमागे तारेलगत हिरडीचा काठ पुन्हा लाल.

“आर्हुस,” शेट म्हणाले. नाव अजून लक्षात होतं.

कीटण थोडंच होतं, काढलं. या वेळी आधी सांगितलं, मग यंत्र लावलं. पुढची तारीख डिसेंबरात येत होती. त्यांनी कॅलेंडर पाहून ती एक आठवडा मागे न्यायला सांगितली. यंदा नाटक बदललंय, आणि त्यांच्या वाट्याला ‘स’ पुष्कळ आहेत.